पेटीची बोटं, पियानोची मिस

ताई, नमस्कार.

मी कोथरूडला राहते. वय ५४. दोन वर्षांपूर्वी राष्ट्रीयीकृत बँकेतून व्हीआरएस घेतली. लहानपणी वडिलांनी पेटीवर बसवलं आणि गेली वीसेक वर्षं आमच्या भजनी मंडळाची साथ मीच करते. पियानो शिकायचं मात्र मनातच राहिलं होतं. मुलगा नोकरीसाठी जर्मनीला गेला, त्याचा कीबोर्ड घरी धूळ खात पडला होता, तेव्हा म्हटलं, होऊन जाऊ दे. कॅम्पात एक मिस स्वतःच्या घरी शिकवतात. दर मंगळवारी पाऊण तास, महिन्याचे ४,००० रुपये. आठ महिने झाले.

जुलैत माझे दोन तास बुडाले. एकदा भाचीचं डोहाळजेवण होतं, ते मी आठ दिवस आधी सांगितलं होतं. दुसऱ्यांदा पाऊस इतका होता की निघायच्या वेळी फोन करून येत नाही म्हटलं. फी पूर्ण घेतली. ऑगस्टमध्ये सगळ्यांना व्हॉट्सॲपवर नियमांचं पान आलं: फी महिन्याच्या सुरुवातीला, २४ तासांच्या आत रद्द केलेला तास झाला असं धरणार, वगैरे. माझ्या वडिलांचे गुरुजी कधी पैशाचा विषयही काढत नसत. विद्येचं असं दुकान बघून मन खट्टू झालं.

शिवाय मी अजून लहान मुलांच्या पुस्तकात आहे. पानापानावर ससे आणि बदकं. माझ्या आधी आठ वर्षांचा एक मुलगा असतो, तो माझ्या पुढे गेलाय. मिस सारख्या म्हणतात, ‘हाताकडे नको, पुस्तकाकडे बघा’, ‘मोठ्याने मोजा’. खरं सांगते, त्यांनी एकदा वाजवून दाखवलं की मला ते येतं. मग मी पुस्तकाकडे बघितल्यासारखं करते. डावा हात मात्र नुसता लाकूड. घरी कीबोर्ड डायनिंग टेबलावर ठेवते, अर्ध्या तासात खांदा भरून येतो. आता मिस पियानोच्या परीक्षेचंही विचारतायत. मुलगा म्हणतो, यूट्यूबवर फुकट शीक. मिस माझ्या मुलाच्या वयाच्या, २९ वर्षांच्या. त्यांच्याशी हे सगळं बोलू कसं? पेटी वाजवते हेही सांगितलेलं नाही, उगीच मोठेपणा नको म्हणून. सोडून देऊ का?

— काळी दोन, पुणे

प्रिय काळी दोन,

तुमचं पत्र फीपाशी वाचत होते तेव्हा मनात उत्तर तयार होत होतं. शेवटी पेटीच्या वाक्यापाशी आले आणि ते उत्तर बाजूला ठेवलं. चाळीसेक वर्षं पेटी वाजवणारी बाई आठ महिने पियानो शिकते आणि शिकवणारीला त्याचा पत्ता नाही! अहो, हे डॉक्टरकडे जाऊन मधुमेह लपवण्यासारखं झालं. मोठेपणा नको हे ठीक, पण इथे तो मोठेपणा नव्हताच, ती केस हिस्ट्री होती.

आता मिसच्या खुर्चीवर बसून बघा. समोर एक विद्यार्थिनी आहे. उजवा हात असा पळतो की आठच महिने झालेत यावर विश्वास बसू नये, डावा हात मात्र पहिल्या दिवसासारखा. एकदा ऐकलेलं बिनचूक वाजवते, आणि न ऐकलेली साधी चार मापं (पुस्तकातल्या उभ्या रेघांमधले चार छोटे भाग) पुढे ठेवली की गोंधळते. डोळे पुस्तकावर आहेत, पण पान उलटायला विसरते. बिचारीला काय वाटत असेल? एक तर बाई दुसरीकडे कुठेतरी शिकतायत, नाहीतर अभ्यास करत नाहीत. मग ती काय करणार? जे सगळ्यांना लागू पडतं तेच करणार: ससे, बदकं, मोठ्याने मोजा.

तुमच्या डाव्या हाताला लाकूड म्हणू नका. तो इतकी वर्षं भाता ओढत होता. आवाज वाढवणं, कमी करणं, ओळ संपताना श्वास सोडल्यासारखा भाता हलका करणं, हे सगळं त्यानेच केलं. उजव्या हाताने फक्त स्वर कुठला ते ठरवलं. पेटीवर तुम्ही पट्टी हळू दाबा की जोरात, हवा तेवढीच तर आवाज तेवढाच. पियानोत उलटं आहे. पट्टी दाबली की आत एक हातोडी उडते, तारेवर आदळते आणि लगेच मागे पडते. आदळून झाल्यावर पट्टीवर कितीही जोर दिलात तरी आवाजात काडीचा फरक पडत नाही, तो त्या क्षणापासून विरतच जातो. लहान-मोठा आवाज फक्त एका गोष्टीवर ठरतो, पट्टी किती वेगाने खाली गेली यावर. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने साधारण १७०० साली हे यंत्र बनवलं तेव्हा त्याचं कौतुक याचसाठी झालं, आणि म्हणून नावातच ‘पियानो’ आणि ‘फोर्ते’, म्हणजे हळू आणि जोरात, हे शब्द आले. तुमच्यापुरतं सांगायचं तर भात्याचं काम आता दहा बोटांत वाटलं गेलंय. उजव्या हातालाही ते नवीन आहे, फक्त त्याचं नवखेपण वेगाखाली झाकलं जातं. माझा अंदाज आहे की तुम्ही स्वर संपेपर्यंत पट्टी घट्ट दाबून धरता. पेटीची सवय. खांदा भरून येण्याचं एक कारण तेच असणार.

दुसरं कारण डायनिंग टेबल. पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून साधारण २८-२९ इंचांवर असतात. तुमचं टेबलच ३० इंच, त्यावर कीबोर्डची जाडी. म्हणजे कोपर खाली, मनगट वर, खांदा कानाशी. पेटीला तुम्ही मांडी घालून बसता आणि पट्ट्या कोपराच्या जवळपास येतात, तसंच इथे यायला हवं. कीबोर्डचा लोखंडी स्टँड मिळतो, तो आणा. तो येईपर्यंत खुर्चीवर पाट किंवा घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. हे आजच करा, बाकीचं मंगळवारी.

वाचनाबद्दल. आपल्याकडे पोथी तोंडपाठ असलेल्या आज्या असतात बघा. बोट ओळीवरून फिरतं, पान वेळेवर उलटतं, पण त्या वाचत नसतात. मधलंच एखादं पान काढून दिलं की अडतात. तुम्ही क्लासमध्ये तेच करताय, फक्त पान उलटायलाही विसरताय. यात तुमच्या कानाचा दोष नाही, कान फारच चांगला आहे म्हणून डोळ्यांना कामच मिळत नाही. आणखी एक अडचण आहे जी आठ वर्षांच्या मुलाला नसते. तुमचा ‘सा’ हलतो. मंडळात कुणी काळी दोनमध्ये गातं, म्हणजे पेटीची दुसरी काळी पट्टी सा धरून, कुणी पांढरी चारमध्ये. तुम्ही सा सरकवता आणि बाकीचे स्वर आपोआप मागे येतात. पुस्तकातली खूण मात्र एकाच पट्टीची असते, सा कुठेही असो. तुमचं डोकं आधी ‘हा ग आहे’ म्हणतं आणि मग पट्टी शोधतं, त्या मुलाचं सरळ पट्टीवर जातं. तो पुढे गेला त्याचं रहस्य एवढंच. कुणी एकदम वेगळा सा धरून गायला लागलं तर त्याला तुमच्यासारखी साथ करायला सांगा, मग बघू.

म्हणून मिसला सांगा की वाजवून दाखवण्याआधी मला वाचू द्या. क्रम उलटा करा, एवढंच. रोज घरी पाच मिनिटं अशी चार मापं वाचायची जी तुम्ही कधी ऐकली नाहीत. आणि ती पुन्हा वाजवायची नाहीत, कारण दुसऱ्यांदा तुमचा कान वाजवेल. यासाठी सशा-बदकांचं पुस्तक उत्तम, त्या चित्रांवर राग धरू नका. अशी सोपी तीन-चार पुस्तकं आणा, वेगवेगळी.

आता पैसे. इथे मी तुमच्या बाजूने फारशी नाही, आधीच सांगते.

तुम्ही बँकेत होतात. एखाद्या खातेदाराने वर्षभर लॉकर उघडला नाही म्हणून त्याचं भाडं कधी माफ केलंत? मंगळवारची तुमची वेळ तसा लॉकर आहे. तुम्ही आला नाहीत तरी ती मिस दुसऱ्या कुणाला देऊ शकत नव्हती. निघायच्या वेळी आलेल्या फोनवर तर नाहीच. घरी शिकवणाऱ्या बाईला पगार नाही, पीएफ नाही, आजारपणाची रजा नाही. मेमध्ये अर्धी मुलं गावाला, मार्चमध्ये शाळेच्या परीक्षा, गणपतीत आणि नाताळात सुट्ट्या. प्रत्येकाने ‘न आलेल्या तासाचे पैसे कसले’ म्हटलं तर तिचं वर्ष सात-आठ महिन्यांचं होतं. वर पियानो सुरात ठेवायचा खर्च. त्यात २३० च्या आसपास तारा असतात आणि पुण्याचा पावसाळा कुणाच्याच तारांना मानवत नाही.

वडिलांच्या गुरुजींचं म्हणता, तर त्या व्यवहारात पैसे नव्हते पण मोबदला नव्हता असं नाही. गुरूघरी राहणं, पाणी भरणं, पाय चेपणं, वर्षानुवर्षं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं ते ज्याला शिकायचंय त्याला वर्गात बसून, वेळापत्रकाने, ठरलेल्या अभ्यासक्रमाने शिकता यावं म्हणून. बायकांना आणि नोकरदारांना गाणं-वाजवणं खुलं झालं त्यात या वेळापत्रकाचा वाटा आहे. तुमच्या मिसचं व्हॉट्सॲपवरचं पान त्याच घराण्यातलं. तोंड वाकडं करून पैसे घेण्यापेक्षा लिहून घेतलेले बरे.

एका ठिकाणी मात्र तुमचं म्हणणं खरं आहे. नियम ऑगस्टचे आणि तास जुलैचे. पावसाचा तास सोडून द्या. डोहाळजेवणाचा आठ दिवस आधी कळवला होता, तिच्याच नव्या नियमाप्रमाणे तो बुडीत धरता येत नाही. त्याचा एक तास भरून द्याल का, असं एकदा सरळ विचारा. पैसे परत मागू नका, तास मागा. आणि त्या पानावर बघा की तिने स्वतः सुट्टी घेतली तर काय, फी वाढवायची असेल तर किती आधी सांगणार, सोडायचं झालं तर किती दिवसांची नोटीस. नसेल तर विचारा. हे प्रश्न बँकेतली बाई नाही विचारणार तर कोण?

परीक्षा म्हणजे बहुधा लंडनच्या दोन संस्थांपैकी एकीची, ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम. दोन्हीकडे मुख्य ग्रेड आठ. आपल्या शास्त्रीय संगीतातल्या प्रारंभिक ते विशारद परीक्षांसारखी शिडी समजा. वयाची अट नाही. पण त्यात एक धोका असतो: तीन तुकडे (ठरलेल्या रचना) आणि थोडे स्केल्स (आरोह-अवरोह) एवढ्यावर अख्खं वर्ष निघून जातं, प्रमाणपत्र हाती येतं, पण चौथा तुकडा येत नसतो. लहान मुलांना शाळेत दाखवायला ते बरं. सीएआयआयबी वगैरे बँकेच्या परीक्षा देऊन तुमचं परीक्षांचं पोट भरलं असेल तर नम्रपणे नाही म्हणा, यात तिचा अपमान नाही. द्यावीशी वाटलीच तर ट्रिनिटीत पाचव्या ग्रेडपर्यंत उपपरीक्षा निवडता येतात. कानाची परीक्षा आणि आयत्या वेळी रचून वाजवणं हे दोन प्रकार घेतले तर न पाहिलेलं वाचून दाखवायची वेळच येत नाही. तुमच्यासाठी ही पळवाट इतकी सोयीची आहे की सांगावी की नाही असा प्रश्न पडला होता. सांगितली, पण घेऊ नका.

यूट्यूबवर थोडक्यात. व्हिडिओ तुम्हाला दिसतो, तुम्ही व्हिडिओला दिसत नाही. तुमचा सगळा घोळ मनगट, खांदा आणि डोळ्यांचा आहे आणि तो कुणीतरी शेजारी बसून बघितल्याशिवाय सुटणारा नाही. मुलाला सांगा, फुकट सल्ल्याऐवजी स्टँडचे पैसे पाठव.

त्याचाच कीबोर्ड वापरताय ना? तो ६१ पट्ट्यांचा, हलक्या पट्ट्यांचा असेल असं धरून चालते. पियानोला ८८ असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या, पण आकडा महत्त्वाचा नाही, वजन महत्त्वाचं. मिसच्या पियानोची पट्टी हातोडी उचलते, तुमची घरची प्लॅस्टिकची पट्टी नुसती स्प्रिंग दाबते. सहा दिवस एकावर मेहनत आणि सातव्या दिवशी दुसऱ्यावर परीक्षा, मग घरी छान येतं आणि तिथे बोट अडखळतं. पुढे चालू ठेवायचं ठरलं तर ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घ्या, हॅमर ॲक्शन म्हणून विचारायचं. साधा मॉडेल ४०-५० हजारांच्या आसपास मिळतो. जुना खरा पियानो स्वस्तात मिळतोय म्हणून हुरळू नका. मी हुरळले होते. एका विक्रेत्याने ‘बाई, असं लाकूड आता मिळत नाही’ म्हणत एक अपराइट, म्हणजे उभा पियानो, गळ्यात मारला. लाकूड खरंच सुंदर होतं, बाहेरून. आत तारांच्या खुंट्या ज्या फळीत बसतात ती सैल झाली होती. ट्यूनर आले, सूर लावून गेले आणि ते जिना उतरेपर्यंत सूरही उतरला. तिसऱ्या खेपेला त्यांनी पैसे न घेता सांगितलं, याच्यावर फोटो ठेवा. ठेवलेत.

राहिलं बोलणं. वयाने लहान गुरूचा संकोच भजनी मंडळातल्या बाईने करावा हे मला पटत नाही. चांगदेवांनी मुक्ताबाईला गुरू केलं ते तुम्ही दरवर्षी कीर्तनात ऐकता. मिसही तुम्हाला घाबरत असेल, आईच्या वयाच्या बाईला ‘असं नको, तसं’ म्हणणं सोपं नसतं. तासाच्या सुरुवातीला, पुस्तक उघडायच्या आधी, एवढंच म्हणा: ‘मिस, एक गोष्ट मी आधीच सांगायला हवी होती. मी लहानपणापासून हार्मोनियम वाजवते. त्यामुळे ऐकून पटकन येतं, पण वाचायचं मी टाळते. डावा हात पट्ट्यांवर कधी वापरलाच नाही. मला परीक्षा द्यायची नाही. वर्षभरात आमच्या मंडळातला एक अभंग दोन्ही हातांनी वाजवता यावा असं मनात आहे. कसं करायचं?’ शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, तो गाळू नका. तिला आपली गाणी येत असतील असं नाही, आणि येत नसली तर तो तिचा उणेपणा नाही. सूर तुम्ही द्याल, त्याखाली डाव्या हाताने काय धरायचं ते ती देईल. पाऊण तासातली दहा मिनिटं यासाठी, बाकीची तिच्या पद्धतीने. घरी रोज वीस-पंचवीस मिनिटं बसा, त्यातली निम्मी एकट्या डाव्या हाताला, मोठ्याने मोजत. रविवारी एकदम दोन तास बसून भरपाई होत नाही, फक्त खांदा दुखतो. पेटी सोडू नका, दोन्ही चालू दे.

यानंतर तीन महिने द्या. ‘हार्मोनियम विसरून जा’ असं ती म्हणाली, किंवा ऐकून घेऊनही तास होता तसाच राहिला, किंवा ती स्वतः तुमच्यासाठी कधीच वाजवून दाखवेनाशी झाली, तर नोटीस देऊन दुसरी मिस बघा, कॅम्पात आणखी घरं आहेत. तिथल्या मझदा हॉलमध्ये पाश्चात्त्य संगीताच्या मैफली होतात, अशा एखाद्या मैफलीला जा आणि मध्यंतरात चार लोकांना विचारा. पण मला वाटतं, ती वेळ येणार नाही. जी बाई आठ महिने दर मंगळवारी तेच ‘पुस्तकाकडे बघा’ न कंटाळता सांगते, तिला निदान चिकाटी आहे.

आणि एका मंगळवारी पेटी रिक्षात घालून घेऊन जा. पाच मिनिटं वाजवून दाखवा, मग भाता तिच्या हाती द्या आणि तिची तारांबळ बघा. तुमचा सूर पियानोवर कुठे बसतो हे ती लगेच दाखवेल. ती काळी दोनला ई फ्लॅट म्हणेल. कधी कधी डी शार्पही म्हणेल, पट्टी तीच. त्यावरून वाद घालू नका, ते पुस्तकाच्या दुसऱ्या भागात येतं.